दूध जातं कुठं

मिरजेतल्या मुलांच्या एका दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर एक खोली आहे. बाहेरच्या पाटीवरचं तिचं नाव इतकं लांबलचक आहे, की ते कोणी शेवटपर्यंत वाचत नाही. सगळे तिला दुधाची खोली म्हणतात. आत एक घसरगुंडी, मऊ चेंडू, लाकडी घोडा आणि कोपऱ्यात मोठ्या माणसासाठी एक आरामखुर्ची. पहिल्यांदा आलेल्या आईला वाटतं, आपण चुकून बालवाडीत शिरलो. यंत्र कुठाय, असं ती विचारते. ही खोलीच यंत्र आहे म्हणून सांगितलं, की ती भिंतींकडे संशयाने बघते आणि पोराला जवळ ओढते.

पद्मजा मगदूमनेही भिंतींकडे बघितलं, पण तिला संशयापेक्षा उत्सुकता जास्त होती. ती हायस्कूलला विज्ञान शिकवायची आणि नवी वस्तू दिसली की ती आतून कशी असेल, या विचाराने तिला चैन पडायचं नाही. घरातला एकही मिक्सर तिच्या तावडीतून सुटलेला नव्हता. तिचा नवरा अभिनंदन गुजरातच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात पवनचक्क्या उभारायच्या कामावर होता आणि महिनामहिना घरी नसायचा. मिक्सर वाचवायला घरात कोणी नव्हतं, असं तोच हसत सांगायचा.

पण आज ती आली होती ती चारूसाठी. चारू म्हणजे चार्वी, साडेतीन वर्षांची. दूध प्यायली की ते घशाशी यायचं, मग खोकल्याची उबळ आणि मागोमाग रडणं. वर्षभरात दोनदा न्यूमोनिया झाला होता. डॉक्टरांपुढे प्रश्न एकच होता: पोटातून वर येणारं दूध परत खाली जातं, की वाट चुकून श्वासनलिकेत उतरतं? परत खाली जात असेल तर औषध द्यायचं आणि पोर मोठी होईपर्यंत धीर धरायचा. फुफ्फुसात जात असेल तर ऑपरेशन. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून टाके घालायचे, म्हणजे दार घट्ट बसतं. चारूच्या एवढ्याशा पोटावर सुरी चालणार की नाही, ते ही खोली सांगणार होती.

"दुधात आम्ही टेक्नेशियम मिसळतो, अगदी नावापुरतं," डॉक्टर रेहाना पटवेकरी सांगत होत्या. पन्नाशीच्या, बुटक्या, भरभर बोलणाऱ्या. "त्यातून गॅमा किरण निघतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण शरीरातून आरपार बाहेर येतात. आणि हे रक्तात शोषलं जात नाही. जिथं दूध, तिथं ते. दर सहा तासांनी निम्मं होत जातं, त्यामुळे उद्यापरवापर्यंत त्याचा मागमूस राहत नाही."

"पण ही तपासणी जुनीच आहे ना?"

"आमच्या गुरूंच्या काळापासूनची. तेव्हा पोराला टेबलावर बांधायचे, वर कॅमेरा, आणि तासभर हलायचं नाही. आता तुम्हीच सांगा, बांधून घातलेल्या पोराचं पोट खेळणाऱ्या पोरासारखं वागेल का? आणि तासाभरात दूध शहाण्यासारखं खाली बसलं, तर आम्ही म्हणणार, काही नाही. घरी गेलं की पुन्हा खोकला."

नव्या खोलीच्या भिंतीच डोळे होत्या. त्यांतल्या पातळ पत्र्यांना जुन्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी अंधूक चमक कळायची, त्यामुळे टेक्नेशियमही पूर्वीच्या अंशभरच लागायचं. पोराने दुपारभर खेळावं, घसरावं, मांडीवर लोळावं. छतातले वेगळे कॅमेरे फक्त पोराचे सांधे टिपायचे, चेहरा नाही. मोठ्या माणसाला तर ते मुळीच टिपत नसत, खासगीपणाचा कायदा कडक झाला होता. संगणक त्या सांध्यांवरून पोराची आकृती तयार करायचा आणि दुधाची चमक त्या आकृतीत जागच्या जागी बसवायचा.

"आणि दूध सांडलं तर?" पद्मजाने विचारलं.

"सांडणारच. पोराच्या आकृतीबाहेर जे चमकतं, ते सांडलेलं समजून संगणक पुसून टाकतो." डॉक्टर हसल्या. "तुम्ही शिक्षिका आहात वाटतं?"

पद्मजाला आत जायला मात्र परवानगी नव्हती. तिला चौथा महिना होता आणि डोस कितीही छोटा असला तरी गरोदर बाईने आत जायचं नाही, हा नियम होता. म्हणून चारूबरोबर तिचे सासरे गेले, पायगोंडा मगदूम. घरात त्यांना सगळे आप्पा म्हणत.

आप्पा मूळचे नांद्र्याचे. तिथं अजून त्यांच्या तीन म्हशी होत्या. नातीला सांभाळायला म्हणून ते मिरजेत येऊन राहिले होते, आणि राहिले ते आपल्या सगळ्या सवयींसकट. दिवस मावळायच्या आत जेवण, पाणी गाळूनच प्यायचं आणि ताटात शीत ठेवायचं नाही. अलीकडे ते जेवायलाही मागच्या पडवीत एकटेच बसायचे. कारण विचारलं तर "तिथं वारं लागतंय" म्हणायचे. पद्मजाला हे सगळं चालत होतं. पटत नव्हती ती एकच गोष्ट. चारूला ते पसरलेल्या पायांवर आडवी घालून दूध पाजायचे.

"आप्पा, बसवून पाजा हो तिला," ती सांगून दमली होती.

"तुज्या नवऱ्याला म्या असाच पाजलाय. काय वाईट झालं त्येचं? समिंद्रात पंखं लावतोय."

त्या दिवशी आत जाताना नर्सने आप्पांच्या हातात झाकणाचा पेला दिला आणि उरलं तर लाल डब्यात ओता म्हणून सांगितलं. आप्पांनी मान हलवली. दार लागलं. पद्मजा दुपारभर बाहेरच्या बाकावर बसून होती.

संध्याकाळी डॉक्टर पटवेकरींनी पडद्यावर फिल्म दाखवली. काळ्या पार्श्वभूमीवर चारूची फिकट निळी आकृती, आणि पोटात दुधाचा पिवळा गोळा. आकृती पळत होती, घसरत होती, मध्येच बसत होती. पद्मजा भान हरपून बघत राहिली. आपल्या पोरीचं पोट असं आतून बघायला मिळेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं. पिवळी रेघ अन्ननलिकेतून वर चढली, घशापाशी थांबली, परत खाली उतरली. पुन्हा एकदा तसंच झालं. पद्मजा हसलीसुद्धा. आणि मग आकृती बसलेली असताना उजव्या छातीत, खालच्या अंगाला, एक पिवळा डाग उमटला.

डॉक्टरांनी फिल्म तिथंच थांबवली आणि डाग मोठा केला. पद्मजाला कळलं.

गुरुवारचं ऑपरेशन ठरलं.

घरी आल्यावर चारू झोपली आणि पद्मजाचा तोंडावरचा ताबा सुटला. "बघितलंत ना, आप्पा? छातीत गेलंय दूध. आडवं पाजू नका म्हणून किती वेळा सांगितलं मी! तुमचा हट्ट, आणि सुरी माझ्या पोरीच्या पोटावर."

आप्पा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. काहीतरी बोलायला गेले आणि त्यांना ठसका लागला. ठसका थांबल्यावर ते मागच्या पडवीत निघून गेले. सकाळी पद्मजा उठली तेव्हा त्यांची पिशवी खुंटीवर नव्हती. शेजारच्या बाईंनी सांगितलं, नांद्र्याच्या गाडीला गेले, म्हशी बघून येतो म्हणाले. पद्मजाला आधी सुटल्यासारखं वाटलं. आपल्याला असं वाटावं याची लाज थोड्या वेळाने वाटली. पण फोन काही तिने केला नाही. समुद्रावरून अभिनंदनचा फोन आला, तेव्हाही आप्पा गावाला गेलेत एवढंच सांगून तिने विषय बदलला.

दवाखान्याने फिल्म आईबापांसाठी टॅबलेटवर पाठवली होती. बोटाने आकृती हवी तशी फिरवता यायची. रविवारी दुपारी चारू झोपली आणि पद्मजा ती घेऊन बसली. पहिल्यांदा बघितली ती भीतीने, दुसऱ्यांदा राग यावा म्हणून. तिसऱ्यांदा मात्र तिच्यातली मिक्सर उघडणारी बाई जागी झाली.

डाग फक्त चारू बसलेली असताना दिसत होता.

तिने फिल्म मागे नेली. चारू बसली, डाग आला. चारू उठून घसरगुंडीकडे पळाली, डाग नाही. घसरगुंडीच्या टोकावर उभी, छाती स्वच्छ. परत येऊन बसली, डाग हजर, आणि आधीपेक्षा किंचित मोठा. छातीत उतरलेलं दूध पोर पळायला लागली की कुठं जातं? आणि ती येऊन बसली की पुन्हा कुठून येतं? हा प्रश्न वर्गात एखाद्या मुलाने विचारला असता, तर पद्मजाने त्याची पाठ थोपटली असती.

सोमवारी दवाखाना उघडायच्या आधीच ती चारूला घेऊन दारात होती.

"हालचालीमुळे चित्र पुसट होतं," डॉक्टर पटवेकरी म्हणाल्या. "पळणाऱ्या पोरात बारीक डाग हरवू शकतो."

"पण घसरगुंडीवर ती कितीतरी वेळ नुसती उभी आहे. खाली यायला आधी घाबरते ती. तेव्हा तरी दिसायला हवा."

डॉक्टरांनी चष्मा डोक्यावर सरकवला आणि फिल्म लावली. चारू घसरगुंडीवर उभी राहिली. छाती स्वच्छ. डॉक्टर पुढे झुकल्या. "थांबा, थांबा," असं त्या स्वतःलाच म्हणाल्या. "संगणकाने जे पुसलंय, ते आपण परत आणू."

त्यांनी संगणकाची पुसून टाकणारी गाळणी काढून टाकली. खोलीत त्या दुपारी जेवढं म्हणून चमकलं होतं, तेवढं सगळं पडद्यावर आलं. फरशीवर दोन बारीक ठिपके, ते खरोखर सांडलेले. आणि कोपऱ्यात, आरामखुर्चीच्या जागी, एक मोठा पिवळा गोळा. त्याच्या वर उजवीकडे तो डाग. चारू घसरगुंडीवर आणि डाग खुर्चीत.

"खुर्चीवर दूध सांडलं असणार," डॉक्टर म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात खात्री नव्हती.

पद्मजाने फिल्म पुढे नेली. गोळा हळूहळू लांबट झाला, खाली सरकला, पुढे त्याची वळणं झाली. "डॉक्टर," ती म्हणाली, "सांडलेलं दूध पचत नाही."

मग तो गोळा खुर्चीतून उठला, चालत दारापाशी गेला आणि परत येऊन बसला. डॉक्टर पटवेकरी इतकी वर्षं ही तपासणी करत होत्या, पण असं काही त्यांनी बघितलं नव्हतं. "या अल्ला," त्या हळूच म्हणाल्या, "खोलीत दोन पोटं होती."

पद्मजाने कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टरांना जे कधी सुचलं नसतं, ते तिला एका क्षणात कळलं. सासरी आल्यापासून ती रोज ते बघत होती. आप्पा जेवण झालं की ताटात पाणी घालायचे, बोटाने ताट धुवायचे आणि ते पाणी पिऊन टाकायचे. अन्न उष्टं ठेवलं की त्यात जीव पडतात, आणि मग ते फेकलं की त्या जिवांचं पाप आपल्या माथी. जैन घरातल्या जुन्या माणसांचा हा नेम. चारूने पेला अर्धा टाकला असणार. आणि तीन म्हशींची धार काढणारा हा माणूस ते दूध लाल डब्यात ओतेल? शक्यच नव्हतं.

"चारू त्यांच्या मांडीवर, त्यांच्या छातीला टेकून बसायची," पद्मजा म्हणाली. "म्हणजे संगणकाने..."

"त्यांची चमक हिच्या आकृतीत ढकलली. दोन शरीरं एकमेकांना चिकटलेली. त्याला एकाचाच पत्ता." डॉक्टरांनी गाळणी पुन्हा लावली, पण या वेळी खुर्चीवरच्या माणसाची सगळी चमक हाताने वेगळी काढून ठेवली. मग फिल्म सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवली, मध्ये कुठेही न थांबता. चारू पळाली, बसली, लोळली, पेंगली. दूध वर आलं, घशाशी थांबलं, खाली गेलं. फुफ्फुसं दुपारभर काळी होती, दोन्ही.

"दूध छातीत जात नाही हिच्या," डॉक्टर म्हणाल्या. "वर येतं, खाली जातं. अशी शेकडो मुलं असतात, मोठी होता होता बरी होतात. न्यूमोनियाचं कारण आपण दुसरीकडे शोधू. सर्जनना मी आत्ता फोन करते. पण आधी तुमच्या सासऱ्यांना बोलवा. त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी हे लिहून देणार नाही."

पद्मजाने फोन लावला. "आप्पा, आहात तसे या. दवाखान्यात," एवढंच ती म्हणाली.

दुपारपर्यंत आप्पा आले. पायात धुळीच्या चपला, सदऱ्याला गोठ्याचा वास. दारातूनच त्यांनी विचारलं, "पोरगी कशी हाय?"

"बरी आहे. शेजारच्या खोलीत खेळतेय. आप्पा, त्या खोलीत चारूचं दूध उरलं होतं?"

आप्पांनी एकदा सुनेकडे आणि एकदा डॉक्टरांकडे बघितलं. "उरलं हुतं थोडं."

"त्याचं काय केलंत?"

"काय करणार? प्यालो." मग जरा कावरेबावरे होऊन त्यांनी पुढचंही सांगून टाकलं. "प्येला धुतला आन् ते पाणीबी प्यालो. बाई म्हणल्या हुत्या डब्यात वता म्हणून. पर दूध वतत्यात व्हय कुटं? चुकलं का काय माजं?"

पद्मजा हसली. आधी तोंडावर हात धरून, मग मोकळेपणाने, मग इतकी की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चार दिवसांपासून छातीवर असलेला धोंडा कोणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. "ऑपरेशन नाही!" ती म्हणाली. "आप्पा, चारूचं ऑपरेशन नाही! तिच्या छातीत काही नाहीच. ते तुमचं दूध होतं, तुमच्या..."

आणि ती थांबली.

आप्पा मात्र हसतच होते. "न्हाई व्हय? सुरी न्हाई? खरंच सांगतीस?" त्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मग हसता हसता त्यांना ठसका लागला. भिंतीला हात टेकून ते बराच वेळ खोकत राहिले. हा ठसका पद्मजाने रोज ऐकला होता, पडवीतून, भांड्यांच्या आवाजात. ऐकून ती कधी उठली नव्हती.

डॉक्टर पटवेकरींनी त्यांना खुर्ची दिली आणि भरभर बोलायची आपली सवय बाजूला ठेवून सावकाश विचारलं, "आप्पा, हा ठसका किती दिवस लागतो?"

"झालं की वरीस." त्यांनी श्वास गोळा केला. "पातळ काय प्यालं की लागतोय. पोरीला खोकला, आन् म्याबी खोकतोय म्हणल्यावर घरात उगं घोर नको. म्हणून म्या आपला भाईर बसून जेवतोय."

"दूध तुमच्या पोटाबरोबर छातीतही उतरतंय. गिळताना श्वासनलिकेवर जे झाकण लागायला हवं, ते उशिरा लागतंय. कदाचित घशाच्या नसा अशक्त झाल्या असतील, कदाचित दुसरं काही असेल. ते शोधावं लागेल. वेळेवर कळलं तर सावरता येतं. नाही कळलं, तर रोज घोटघोट फुफ्फुसात जात राहतं."

शेजारून चारूचा चेंडू भिंतीवर आपटल्याचा आवाज येत होता. पद्मजा आप्पांसमोर खाली बसली. या वेळी तिला काहीच उघडून बघायचं नव्हतं. जे होतं ते समोर होतं, आणि त्याच्याकडे बघणं अवघड जात होतं.

"आप्पा, मी तुम्हाला वाट्टेल ते बोलले."

"बोललीस. ऱ्हाऊ दे."

"आणि आत्ता मी हसले. डाग तुमच्या छातीत आहे हे कळलं, आणि मला आनंद झाला. खरंच झाला. मला स्वतःची शिसारी येतेय."

आप्पांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू या शिकलेल्या पोरीला एवढी साधी गोष्ट कशी समजत नाही. "मग त्यात काय झालं? तू आई हैस तिची," ते म्हणाले. "आन् म्या आज्जा. मला न्हाई झाला व्हय?"

पद्मजाने मान खाली घातली आणि त्यांचे हात घट्ट धरले. ते हात बारीक थरथरत होते. ठसक्यासारखीच ही थरथरही आजची नाही, हे तिला तेव्हाच कळलं.